जूनमधलं मत : रोजनिशीतली काही पानं

15 जानेवारी 2024, सोमवार. एडिसन, न्यू जर्सी

मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी. संध्याकाळपासून भुरभुर बर्फ. रात्री टीव्हीवर आयोवा लावलं होतं. तिथे पारा उणे वीस सेल्सिअसच्या आसपास, आणि लोक शाळांच्या जिममध्ये, चर्चच्या हॉलमध्ये जमून रिपब्लिकन उमेदवार निवडत होते. आधी भाषणं, मग चिठ्ठीवर नाव. सभा सुरू होऊन अर्धा तास होतो न होतो तोच वृत्तसंस्थेने ट्रम्प जिंकल्याचं जाहीर करून टाकलं. काही ठिकाणी भाषणंसुद्धा संपलेली नव्हती. एवढ्या थंडीत गाडी काढून आलेल्या माणसाच्या हातात कोरी चिठ्ठी आणि खिशातल्या फोनवर निकाल! ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी डिसँटिस यांच्या माणसांनी आरडाओरडा केला. रास्तच होता.

एकूण मतं पडली एक लाख दहा हजारांच्या आसपास. आमच्या एकट्या एडिसनची वस्ती तेवढी असेल. एवढ्या मतांवर विवेक रामस्वामी यांनी त्याच रात्री माघार घेतली. आमच्या मराठी मंडळातले दोघे-तिघे त्यांना मत द्यायचं म्हणून तयारीत होते. आमची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायचं मतदान, 4 जूनला, यादीत अगदी शेवटी. त्यांना म्हटलं, तोवर दुसरं कुणी बघून ठेवा. नवरा म्हणाला, "तोवर दुसरंही कुणी उरणार नाही."

24 जानेवारी, बुधवार

काल न्यू हॅम्पशायर. विद्यमान राष्ट्राध्यक्षांचं नाव त्यांच्याच पक्षाच्या मतपत्रिकेवर नव्हतं. बायडन यांच्या पक्षाने ठरवलं की यंदा सुरुवात साउथ कॅरोलायनापासून. न्यू हॅम्पशायर म्हणालं, आमच्या राज्याचा कायदाच सांगतो की पहिली प्रायमरी आमची. दोघांचं जमलं नाही. मग बायडन यांनी अर्जच भरला नाही, आणि त्यांच्या समर्थकांनी रिकाम्या ओळीवर हाताने त्यांचं नाव लिहून त्यांना जिंकवलं. समोर डीन फिलिप्स होते, मिनेसोटाचे खासदार. पक्षातल्या कुणीतरी बायडन यांच्या वयाबद्दल उघड बोलावं म्हणून उभे राहिले होते. त्यांना वीसेक टक्के मिळाले आणि पक्षाकडून भरपूर शिव्या.

हे भांडण कोणत्या कोर्टात न्यायचं? अमेरिकेच्या घटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. पक्ष म्हणजे खासगी संस्था. मात्र तिची अंतर्गत निवडणूक बहुतेक ठिकाणी सरकारी खर्चाने, सरकारी यंत्रांवर, सरकारी कर्मचारी लावून होते. नियम ज्याचे त्याचे आणि बिल सगळ्यांचं.

ऑफिसातला माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी आयरिश घराण्यातला, पिढीजात रिपब्लिकन, वय साठीच्या आत-बाहेर. तो ट्रम्प यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या निकी हेली यांचा. त्यांना 43 टक्के मिळाले म्हणून आज खुशीत होता. "अजून सगळा देश बाकी आहे," म्हणाला. मी काही बोलले नाही. माणूस बरा आहे, आणि मार्च दूर नाही.

7 फेब्रुवारी, बुधवार

नेवाडात हेली हरल्या. कुणाकडून? 'यांपैकी कोणीही नाही' या पर्यायाकडून. ट्रम्प त्या मतदानात नव्हतेच. पक्षाने त्यानंतर दोन दिवसांनी स्वतःची वेगळी कॉकस, म्हणजे आयोवासारखी सभा, ठेवली आहे आणि अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी तिथूनच मोजले जाणार आहेत. म्हणजे सरकारने घेतलेल्या मतदानाला पक्ष धरतच नाही.

आपल्याकडे 'नोटा' 2013 मध्ये आला. नेवाडात हा प्रकार 1970 च्या दशकापासून आहे, पण दात तिथेही नाहीत. 'कोणीही नाही'ला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी विजयी ठरतो तो त्याच्याखालचा माणूस. या एका बाबतीत महाराष्ट्र पुढे म्हणायचा. राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये स्थानिक संस्थांपुरता नियम केला की नोटा पहिला आला तर पुन्हा निवडणूक.

28 फेब्रुवारी, बुधवार

लेकीचा अॅन आर्बरहून फोन. काल मिशिगनची प्रायमरी होती. तिने नाव तिथेच नोंदवलंय. मिशिगनमध्ये मतदाराची पक्षनिहाय नोंद नसते. त्या दिवशी जाऊन सांगायचं, या पक्षाची पत्रिका द्या. तिने डेमोक्रॅटिक पत्रिका घेतली आणि 'अनकमिटेड'समोर खूण केली, म्हणजे यातल्या कुणाशीच मी बांधलेली नाही. गाझातल्या युद्धाबद्दल बायडन यांना इशारा द्यायचा, म्हणून डिअरबॉर्नच्या अरब वस्तीपासून विद्यापीठांपर्यंत ही हाक दिली गेली होती. लाखाच्या वर मतं पडली. प्रतिनिधी पदरात पडले दोन.

"लाखभर लोकांचे दोन?" मी म्हटलं.

"आई, निदान 'नाही' म्हणायला एक जागा तरी होती. तुला तीही मिळणार नाही कदाचित."

लेकीचं असं तोडून बोलणं मला खटकतं, पण खोटं काही बोलली नव्हती.

13 मार्च, बुधवार

संपलं. काल रात्री जॉर्जिया, मिसिसिपी, वॉशिंग्टन असे निकाल आले आणि दोन्ही बाजूंचा प्रतिनिधींचा आकडा पुरा झाला. बायडन आणि ट्रम्प. 2020 चीच जोडी. हेली गेल्या आठवड्यातच थांबल्या. सगळ्या लढतीत त्यांनी जिंकलं काय, तर व्हर्मॉन्ट आणि राजधानीचं शहर. सहकारी आज टेबलावर मान खाली घालून काम करत होता. वीसहून जास्त राज्यांत मतदान अजून व्हायचं आहे. फ्लोरिडात तर डेमोक्रॅटिक पक्षाने एकच नाव पाठवलं, त्यामुळे त्या बाजूचं मतदानच रद्द. आमची 4 जूनची प्रायमरी म्हणजे पंगत उठल्यावर मांडलेलं पान.

जानेवारीत गॅलपचे आकडे आले होते. स्वतःला अपक्ष म्हणवणारे 43 टक्के, डेमोक्रॅट 27, रिपब्लिकन 27. सगळ्यांत मोठा गट कोणाचाच नाही, आणि उमेदवार ठरवताना सगळ्यांत कमी ऐकलं जातं ते याच गटाचं. 2016 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हिशोब मांडला होता की ट्रम्प आणि क्लिंटन यांना प्रायमरीत मिळालेली मतं एकत्र केली तरी ती देशाच्या लोकसंख्येच्या फक्त 9 टक्के होतात. उरलेल्या 91 टक्क्यांत लहान मुलं आली, नागरिक नसलेले आले, हे खरं. पण त्यात घरी बसलेलेही आले, आणि माझ्यासारखे उशिराच्या राज्यातलेही आले.

रात्री नवऱ्याशी यावरून वाद. त्याचं म्हणणं, पक्षाचा उमेदवार पक्षानेच ठरवावा, त्यात बाहेरच्याने का नाक खुपसावं? आपल्याकडे कुठे मतदाराला विचारतात? एबी फॉर्म कुणाच्या हातात पडला हे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी कळतं. मुद्दा बिनतोड आहे. पण आपल्याकडचे पक्षश्रेष्ठी तुम्हाला विचारल्याचं नाटक तरी करत नाहीत.

30 मार्च, शनिवार

काल आमच्या राज्यात फार मोठी गोष्ट घडली आणि मंडळाच्या ग्रुपवर त्याबद्दल अवाक्षर नाही. तिथे गुढीपाडव्याच्या जेवणाचे डबे किती सांगायचे यावर चर्चा चालू आहे.

गोष्ट अशी. न्यू जर्सीतली प्रायमरीची मतपत्रिका देशात कुठेच नव्हती अशी असायची. इतरत्र पदाप्रमाणे चौकट असते. सिनेटर या चौकटीत उभे राहिलेले सगळे, मग पुढचं पद. आमच्याकडे 21 पैकी 19 काउंट्यांत उभे रकाने. काउंटीतल्या पक्षाने ज्यांना पसंती दिली त्यांची नावं एका रकान्यात वरून खाली सलग. सर्वांत वर राष्ट्राध्यक्ष किंवा सिनेटर, खाली काँग्रेस, खाली काउंटीचे कमिशनर, तळाला गावपातळीची माणसं. याला म्हणतात 'काउंटी लाइन'. ज्याला पक्षाची पसंती नाही त्याचं नाव कुठेतरी उजवीकडे, दोन-तीन रिकामे रकाने सोडून, अनोळखी नावांच्या शेजारी. त्या कोपऱ्याला इथले लोक 'बॅलट सैबेरिया' म्हणतात. मतदार पहिल्या रकान्यावरून बोट खाली नेतो आणि बाहेर पडतो. लाइनवरचा उमेदवार हरला तर ती वर्तमानपत्रात बातमी व्हायची.

आणि लाइन कुणाला द्यायची? काही काउंट्यांत अधिवेशन भरवून मतदान व्हायचं, काहींत अध्यक्ष सांगतील ती पूर्व. इतर राज्यांत पुढाऱ्यांचा हात पडद्याआड असतो. आमच्याकडे तो मतपत्रिकेवर छापलेला होता.

यंदा सिनेटची जागा आहे. ती ज्यांच्याकडे आहे त्या बॉब मेनेंडेझ यांच्यावर गेल्या सप्टेंबरात लाचखोरीचे आरोप दाखल झाले आणि दुसऱ्याच दिवशी काँग्रेसमन अँडी किम यांनी उमेदवारी जाहीर केली. कुणाला विचारलं नाही. मग गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी उतरल्या. त्याआधी त्या कोणत्याही निवडणुकीला उभ्या राहिलेल्या नव्हत्या, पण मोठमोठ्या काउंट्यांच्या अध्यक्षांनी भराभर त्यांच्यामागे रांग लावली. आमची मिडलसेक्सही त्यात. किम कोर्टात गेले, ही मतपत्रिकाच घटनाबाह्य आहे म्हणून. गेल्या रविवारी टॅमी मर्फी यांनी माघार घेतली आणि काल न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी लाइनला मनाई केली. जूनची डेमोक्रॅटिक पत्रिका पदाप्रमाणे चौकटींची छापा, असा आदेश. रिपब्लिकन पत्रिकेला तो लागू नाही, कारण त्या पक्षातलं कुणी कोर्टात गेलंच नव्हतं.

या राज्यात इतकी वर्षं राहून मला ही पत्रिका विचित्र वाटली नव्हती, कारण दुसरी बघितलेलीच नव्हती. टपालाने आलेल्या जुन्या नमुना पत्रिकांचा गठ्ठा आज कपाटातून काढला. डावीकडे ठसठशीत भरलेला रकाना, मधे पांढरी पोकळी, उजव्या कडेला एक नाव आणि त्याच्या खाली काहीच नाही. हा काही छपाईचा दोष नव्हे. कुणीतरी बसून, विचार करून ती पोकळी आखलेली आहे.

10 एप्रिल, बुधवार

पक्ष बदलायचा आज शेवटचा दिवस. नियम सोपा आहे आणि चीड आणणारा आहे. तुम्ही कुठल्याच पक्षात नोंदलेले नसाल तर प्रायमरीच्या दिवशी टेबलापाशी पक्ष सांगून मत देऊ शकता. पण एकदा कुठल्या पक्षात नाव लागलं की बदल करायचा तो 55 दिवस आधी. त्यानंतर काही घडलं, कुणी माघार घेतली, कुणी तुरुंगात गेलं, तरी तुम्ही आहात तिथेच.

सहकाऱ्याने दुपारी फॉर्म भरून आणून दाखवला. "चाळीस वर्षांचा रिपब्लिकन आहे मी. हेली यांचं नाव आमच्या पत्रिकेवर येणारच नाही. अर्ज भरायची मुदत मार्चअखेरची, त्याआधीच त्या गेल्या. एकट्या ट्रम्पसाठी कशाला जाऊ? निदान सिनेटसाठी किम यांना मत देतो." मग थोडं थांबून, "बायकोला सांगितलेलं नाही," असंही म्हणाला. त्याचे वडील नूअर्कला पोलिसात होते. घरात आयझेनहॉवरची तसबीर होती म्हणे. फॉर्म टपालात टाकून भागत नाही, आज पोचायला हवा, म्हणून जेवणाच्या सुट्टीत गाडी घेऊन तो काउंटीच्या कचेरीत गेला. मला त्याचं कौतुक वाटलं.

नोंदणीकृत मतदारांत आमच्या राज्यात बिनपक्षाचे चोवीस लाखांच्या आसपास आहेत. त्यांच्यातली मीही एक.

8 मे, बुधवार

काल सांगलीत मतदान झालं. ताईचा फोन. काँग्रेसची पिढीजात जागा आघाडीच्या वाटपात ठाकरेंच्या सेनेला गेली, उमेदवारी पैलवान चंद्रहार पाटील यांना. वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले. "आमच्या गल्लीत सगळे काँग्रेसवाले उघडउघड विशालदादांच्या बरोबर," ताई म्हणाली. "तिकीट मुंबईत वाटतात, मतं काय मुंबईत आहेत होय?"

4 जून, मंगळवार (रात्री साडेदहा)

पाय सुजलेत, पण लिहून ठेवते.

पहाटे सव्वापाचला शाळेच्या जिममध्ये हजर. मतदान केंद्रावर काम करायचं या वर्षी ठरवलं होतं. काउंटीने प्रशिक्षण दिलं. सकाळी सहा ते रात्री आठ मतदान, आणि दिवसाचे 300 डॉलर. माझं स्वतःचं मत लवकर मतदानाच्या दिवसांत देऊन झालं होतं. त्यासाठी मीही पक्ष सांगून सही केली आणि चोवीस लाखांतून एक कमी झाले.

सकाळी निघताना ताईचा मेसेज, 'विशालदादा पुढे.' तिकडे दुपार, निकालाचा दिवस. इकडे केंद्रात फोन पर्समध्ये बंद.

सुरुवातीला रांग अशी नव्हतीच. रात्रपाळीहून आलेल्या दोन नर्स, कुत्र्याला बाहेर बांधून आलेले एक आजोबा. साडेसातच्या सुमाराला आमच्याच भागातले एक गुजराती काका आले. नागरिकत्व अलीकडचं, पहिलंच मतदान, इस्त्रीचा शर्ट, हातात नमुना पत्रिका घडी घालून. टॅबलेटवर नाव निघालं, पुढे 'अनअॅफिलिएटेड'.

"काका, आज मत द्यायचं तर एक पक्ष सांगावा लागेल. डेमोक्रॅटिक की रिपब्लिकन?"

"मी कुठल्या पक्षाचा नाही."

"हो, पण आज सही केली की त्या पक्षात तुमची नोंद होईल. नंतर फॉर्म भरून काढता येते."

"म्हणजे मेंबर? फी किती?"

"फी नाही."

काका विचारात पडले. "आणि कुणाला सांगितलं हे लोकांना कळतं?"

कळतं. कुणाला मत दिलं ते गुप्त, पण कुठल्या पक्षाच्या प्रायमरीत दिलं ती नोंद मतदारयादीत राहते आणि यादी पक्षांना मिळते. प्रचाराची पत्रं त्यावरूनच येतात. काकांचं किराणामालाचं दुकान आहे, गिऱ्हाईक दोन्हीकडचं. त्यांनी पत्रिका पुन्हा घडी घालून खिशात ठेवली. "नोव्हेंबरमां आवीश," म्हणाले आणि गेले. मला सल्ला द्यायची परवानगी नाही. मी 'आभारी आहे' एवढंच म्हटलं.

दिवसभर हे वेगवेगळ्या रूपांत चाललं. एका तरुणाला सिनेटसाठी एका पक्षात आणि काँग्रेससाठी दुसऱ्या पक्षात मत द्यायचं होतं. एकच पत्रिका मिळेल म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू कायदा मीच केला. एक बाई विचारत होत्या, राष्ट्राध्यक्षपदासाठी आणखी कोण कोण आहे? बायडन यांच्या पत्रिकेवर 'अनकमिटेड' होतं आणि एक अगदी अनोळखी नाव. ट्रम्प यांना अडवणारं ओळखीचं नाव दुसऱ्या बाजूला नव्हतं. "हे तर मार्चमध्येच ठरलं ना?" बाई म्हणाल्या. हो, ठरलं. "मग मी आज कशाला आले?" माझ्या शेजारी बसलेल्या, कैक निवडणुका पाहिलेल्या बाईंनी तोंड उघडलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सिनेटरसाठी. काउंटीसाठी. आणि तळाला बघा, तुमच्या वॉर्डाच्या कमिटीसाठी." बाई आत गेल्या आणि बराच वेळ यंत्रापुढे उभ्या होत्या.

डेमोक्रॅटिक पत्रिका यंदा कोर्टाने सांगितल्याप्रमाणे चौकटींची. सिनेटच्या चौकटीत किम, पॅट्रिशिया कॅम्पोस-मेडिना, लॉरेन्स हॅम एकाखाली एक, कुणाच्या वाट्याला सैबेरिया नाही. एका जुन्या मतदाराने तक्रार केली, "पूर्वी बरं होतं, एक रकाना खाली घेतला की सुटका." तोही लोकशाहीतला एक मतदार, त्याचंही म्हणणं लिहून ठेवते.

दुपारी जेवायला सुट्टी मिळाली तेव्हा गाडीत बसून फोन उघडला. विशाल पाटील लाखभर मतांनी निवडून आले. चंद्रहार पाटील तिसरे. भाजपचे संजयकाका पाटील पडले. ताईने फटाक्यांचा व्हिडिओ पाठवला होता. पोळी-भाजी खाताना तेच डोक्यात. सांगलीत पक्षाने चुकीचं तिकीट वाटलं असं लोकांना वाटलं, त्यांनी महिन्याभरात हिशोब चुकता केला. इथे का होत नाही? लोक भित्रे आहेत म्हणून नव्हे. खासदारकीला एका मतदारसंघात पहिलं यायचं असतं. राष्ट्राध्यक्षाला 270 इलेक्टर लागतात, आणि मेन, नेब्रास्का सोडले तर बाकी सगळी राज्यं आपले सगळे इलेक्टर पहिल्या आलेल्याला देऊन टाकतात. रॉस पेरो यांना 1992 मध्ये 19 टक्के मतं पडली. इलेक्टर मिळाले शून्य. नेडर 2000 मध्ये फ्लोरिडात 97 हजार मतं घेऊन गेले, तिथे बुश जिंकले 537 मतांनी, आणि तेव्हापासून तिसऱ्याचं नाव काढलं की डेमोक्रॅट लोक कानाला हात लावतात. कुणालाच 270 मिळाले नाहीत तर निवड प्रतिनिधिगृहात, राज्याला एक मत, म्हणजे पुन्हा त्याच दोन पक्षांकडे. बंडखोरी करायची तर आधी पत्रिकेवर यायला हवं. यंदा आमच्याकडे राष्ट्राध्यक्षपदाच्या अपक्षाला 800 सह्या पुरतात, टेक्सासला 1 लाख 13 हजारांवर लागतात आणि सही करणाऱ्याने तिथल्या प्रायमरीत मत दिलेलं चालत नाही. शिवाय प्रायमरीत हरलेल्याने अपक्ष म्हणून उभं राहू नये असे कायदे बऱ्याच राज्यांत आहेत. विशालदादांचा मार्ग बांधकाम करून बुजवलेला आहे.

रात्री आठला दरवाजा बंद. आमच्या केंद्राचा एकूण आकडा लिहीत नाही, लाज वाटेल. घरी आल्यावर कळलं, किम यांना तीन चतुर्थांश मतं. राज्यात 'अनकमिटेड' नऊ टक्क्यांच्या आसपास.

28 जून, शुक्रवार

काल रात्रीचा अटलांटातला बायडन-ट्रम्प वादविवाद बघवला नाही. बायडन वाक्याच्या मधे हरवत होते. डीन फिलिप्स जानेवारीत हेच सांगत होते. आज ग्रुपवर ज्यांनी त्यांची टर उडवली होती तेच 'आधी कुणी बोललं का नाही' म्हणून विचारतायत.

21 जुलै, रविवार

बायडन यांनी माघार घेतली. दुपारी पत्र आलं. थोड्याच वेळात कमला हॅरिस यांना पाठिंबा. ग्रुपवर इडली-डोशाचे फोटो, हॅरिस यांच्या आई श्यामला गोपालन यांची गोष्ट, आणि ट्रम्प यांच्या जोडीदार उमेदवाराच्या पत्नी उषा व्हान्सही आपल्याच म्हणणाऱ्यांचं दुसरं टोळकं. दोन तासांत तीनशे मेसेज.

प्रायमरीत बायडन यांना 1 कोटी 40 लाखांवर मतं पडली होती. 8 जुलैच्या पत्रात त्यांनी स्वतःच ती मोजून दाखवली होती, लोकांनी मला निवडलंय म्हणून. आणि याच महिन्यात एका पाहणीत डेमोक्रॅट मतदारांपैकीच जवळजवळ दोन तृतीयांश लोक म्हणत होते की यांनी थांबावं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. मत दिलं कारण पत्रिकेवर दुसरं होतं कोण? मतपेटीतून जी इच्छा बाहेर पडू शकली नाही ती शेवटी पलोसी, शूमर यांच्यासारख्या पक्षातल्या मातब्बरांनी पुरी केली. रिपब्लिकन म्हणतायत ही लोकशाहीची हत्या. मला तसं वाटत नाही. पण मग जानेवारी ते जून काय चाललं होतं, ते तरी सांगा.

6 ऑगस्ट, मंगळवार

हॅरिस यांची उमेदवारी पक्की झाली, तीही अधिवेशनाआधी, प्रतिनिधींच्या ऑनलाइन मतदानाने. 99 टक्के मतं. दुसरं कुणी रिंगणातच नव्हतं. 2019 मध्ये त्या राष्ट्राध्यक्षपदाच्या लढतीत होत्या, पण एकही मत पडण्याआधी डिसेंबरात बाहेर पडल्या. म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार म्हणून प्रायमरीत त्यांच्यावर कुणी शिक्का मारायचा प्रसंग ना तेव्हा आला ना आता.

अधिवेशन शिकागोलाच, 1968 सारखं. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता तिथे उमेदवार झाले. रस्त्यावर पोलीस तरुणांना झोडपत होते आणि आत पुढारी मतं गोळा करत होते. त्यातून मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग आला आणि 1972 पासून प्रतिनिधी लोकांच्या मतांवर ठरू लागले. त्याआधी प्रायमऱ्या होत्या, पण शोभेच्या. 1912 मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्रायमऱ्या जिंकल्या, तरी शिकागोच्याच अधिवेशनात उमेदवारी टाफ्ट यांना. 1924 मध्ये न्यूयॉर्कला डेमोक्रॅटांना उमेदवार ठरवायला 103 फेऱ्या लागल्या आणि शेवटी जे जॉन डेव्हिस निवडले गेले ते सपाटून हरले. जुन्या पद्धतीचे गोडवे गाणारे हल्ली बरेच निघालेत, 'पुढाऱ्यांना माणसाची पारख असते' वगैरे. त्यांनी या 103 फेऱ्या आठवाव्यात.

माझं भांडण पुढाऱ्यांशी तेवढं नाही जेवढं वेळापत्रकाशी आहे. सगळ्या राज्यांनी फिरत्या क्रमाने मत द्यावं, ही सूचना कितीतरी वर्षं हवेत आहे. आयोवा, न्यू हॅम्पशायर ती खाली उतरू देत नाहीत.

6 नोव्हेंबर, बुधवार

ट्रम्प जिंकले. आमच्या राज्याचे 14 इलेक्टर हॅरिस यांना, पण फरक जेमतेम सहा टक्क्यांचा. चार वर्षांपूर्वी तो सोळा होता. मे महिन्यात वाइल्डवुडच्या किनाऱ्यावर ट्रम्प यांची सभा झाली ती सोडली तर इथे मतं मागायला आलं कोण? देणग्या मागायला मात्र दोन्ही पक्षांचे येऊन गेले. आमच्या भागातले कार्यकर्ते दर शनिवारी गाड्या भरून डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात दारं ठोठावायला जायचे. सोळाचे सहा झाले ते कुणाचं लक्ष नसताना.

किम सिनेटवर निवडून आले. कोरियन वंशाचे पहिले सिनेटर. सहकारी सकाळी कॉफी घेऊन आला, "माझा निदान एक तरी आला." राष्ट्राध्यक्षपदासाठी कुणाला दिलंस, ते मी विचारलं नाही.

8 डिसेंबर, रविवार

गेल्या महिन्याच्या मतदानातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा, ओरेगन. चारही ठिकाणी मतदारांपुढे पद्धत बदलायचे प्रस्ताव होते. बहुतेकांत सगळ्यांना खुली प्रायमरी, पसंतीक्रमाने मत असं काहीबाही. चारही ठिकाणी पडले. अलास्कात अशी पद्धत आधीपासून आहे, ती रद्द करायचा प्रस्ताव हजाराच्या आतल्या फरकाने कसाबसा हुकला. दोन्ही पक्षांवर वैतागलेत म्हणून पाहण्यांत सांगणारे हेच मतदार. मला वाटतं, लोकांना पद्धत बदलायला नको आहे असं नाही. समजावून सांगायला आलेल्या माणसावर विश्वास नाही, आणि पैसा कुठून आला ते कळत नाही. पण आमच्याकडे लाइन गेली ती सार्वमताने नाही, आलिशान प्रचाराने नाही. एक उमेदवार कोर्टात गेला, आणि त्याआधी कित्येक वर्षं काही चिवट लोक मतपत्रिकेच्या आखणीवर लेख लिहीत, खटले लढत बसले होते.

आज मंडळाच्या ग्रुपवर टाकायला काही ओळी लिहिल्या. तिथल्या डब्यांच्या चर्चेखाली त्या गाडल्या जातील, म्हणून इथेही उतरवते :

नमस्कार. पुढच्या जूनमध्ये आपल्या राज्यात गव्हर्नरपदाची प्रायमरी आहे. या वेळी दोन्ही पक्षांत बरेच इच्छुक आहेत, म्हणजे जूनमधल्या मताला किंमत असेल. तुम्ही कुठल्याही पक्षात नोंदलेले नसाल तर त्या दिवशी केंद्रावर सांगून मत देता येतं, फी नाही. एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर 55 दिवस आधी फॉर्म द्या, आणि नवीन नोंदणी करायची तर 21 दिवस आधी. पत्रिकेच्या तळाशी काउंटी कमिटीच्या जागा असतात. अनेक वॉर्डांत त्यांना उमेदवारच नसतो. पक्षाचा काउंटी अध्यक्ष हीच माणसं निवडतात. मोजक्या सह्या लागतात, आपल्या एका इमारतीत जमतील. ज्यांना उभं राहायचं आहे त्यांनी मला कळवावं, फॉर्म मी आणून देते. आणि 'या दोघांतून कुणाला द्यायचं' हे विचारायला कृपया नोव्हेंबरात फोन करू नका, मेमध्ये करा.